बोटभर कमी

१

शनिवारी दुपारी दुकान अर्धं बंद असे. शटर कमरेएवढं खाली ओढलेलं, त्याखालून शिरलेला उन्हाचा पट्टा कापायच्या टेबलाच्या पायाशी येऊन थांबलेला, आणि एका मशीनपाशी आई मान खाली घालून काजं करत बसलेली. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. बाबा होते तेव्हा दोन्ही मशीन चालत. ते गेल्यावर थोरलीने शाळा सोडली आणि बंद पडलेलं दुसरं मशीन पुन्हा चालू झालं. तेव्हा ती सोळाची होती, आता एकोणीसची.

आईचा एक नियम होता. हात बसवायचा तो घरच्या माणसावर, गिऱ्हाईकावर नाही. म्हणून धाकटीचे सगळे कपडे पहिल्यापासून थोरलीच शिवत आली होती. दर तीन महिन्यांनी उरलेल्या कापडांतून एक फ्रॉक, आणि त्यासाठी शनिवारी दुपारी माप.

"सरळ उभी राहा."

"उभीच आहे."

"श्वास कोंडलायस. सोड."

"सोडला की टेप गुदगुल्या करते."

"टेप नाही करत. तू करून घेतेस."

धाकटी खुदकन हसली. अकरा वर्षांची पोर, दोन वेण्या, मधोमध भांग. तो भांग रोज सकाळी थोरली काढून द्यायची, इतका सरळ, की शाळेतल्या बाई विचारत, पट्टी लावून काढता का गं?

थोरलीने एका खांद्याच्या हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत टेप ओढली. आकडा वाचला. वहीत लिहायला वाकली आणि तशीच वाकून राहिली.

खांदा मागच्या खेपेपेक्षा बोटभर कमी होता.

तिने पुन्हा मोजलं. तेच. कंबर कमी होऊ शकते, माणूस जेवत नसेल तर. छातीचंही एक वेळ समजू. पण खांदा म्हणजे हाड. तीन वर्षांत तिने कितीतरी माणसांचे खांदे मोजले होते. लठ्ठ माणसं वाळली, वाळकी सुटली, पण वाढत्या वयात कुणाचा खांदा आत आला नव्हता.

"काय झालं गं?" आईने मान वर न करता विचारलं.

"काही नाही."

काही नाही म्हणायला थोरलीकडे कारण होतं, आणि ते आईला सांगण्यासारखं नव्हतं.

२

त्याच्या आदल्या वर्षी एक पत्र आलं होतं. दूरच्या मोठ्या शहरात नाटकांचे पोशाख शिवणारा एक कारखाना होता. शाळेतल्या बाईंनी थोरलीच्या हातचं काम तिथे दाखवलं होतं आणि त्यांना ते पसंत पडलं होतं. राजांचे झगे, सैनिकांचे कोट, पऱ्यांचे पंख, असं सगळं शिकता येणार होतं. राहायला वरच्या मजल्यावर एक खोली, खोलीत एक खाट, खाटेला लागून खिडकी. थोरलीने ते पत्र इतक्यांदा वाचलं की घडीवर कागद विरला.

धाकटी जेवली नाही. एक दिवस, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी थोरलीच्या कमरेला मिठी मारून म्हणाली, "तू गेलीस तर मी मरेन. खरंच मरेन, बघ."

आईने थोरलीकडे नुसतं पाहिलं. त्या पाहण्यातच सगळं आलं. येता येणार नाही, असं उत्तर थोरलीने स्वतःच्या हाताने लिहून टाकलं.

ती चिडली नाही, आदळआपट केली नाही. धाकटीला जवळ घेतलं, डोळे पुसले, दोन घास भरवले. फक्त पुढचा फ्रॉक कापताना तिची कात्री खडूच्या रेघेवरून गेली नाही. रेघेच्या आतून गेली. सगळीकडे, बोटभर आतून.

"बसतोय का?"

"बसतोय, ताई."

बसत नव्हता. पाठीवरचं बटण ताणलं होतं, काखेत कापड रुतलं होतं. धाकटीने तोंडातून ब्र काढला नाही. संध्याकाळी फ्रॉक उतरवला तेव्हा काखेखाली लाल वळ उठले होते. थोरलीने त्यांवर हलक्या हाताने मलम लावलं आणि फुंकर घातली. वळ आपणच उठवायचे आणि फुंकरही आपणच घालायची, यात तिला असं काही सुख झालं की पुढे ते आठवलं तरी ती हातातलं काम खाली ठेवायची.

"तुझे हात किती गार आहेत गं," धाकटी तिच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली. "छान वाटतं."

पुढचा फ्रॉकही बोटभर आतून कापला गेला. त्याच्या पुढचाही. वळ उठायचे, मलम लागायचं. दोघींपैकी कुणी त्याबद्दल बोलत नसे, आणि न बोलता दोघी पूर्वीपेक्षा जास्त जवळ आल्या होत्या. शाळेतून आल्यावर धाकटी थेट थोरलीच्या मशीनखाली जाऊन बसायची, पायडलला हात लावून.

मग एका खेपेला वळ उठले नाहीत. फ्रॉक अंगाबरोबर बसला. थोरलीला वाटलं, कात्री चुकली असेल, आपण नेहमीएवढा आतून कापला नसेल.

आणि त्यानंतर हा शनिवार आला.

३

सगळ्यात आधी तिने संशय घेतला तो टेपवर. कापडी टेप जुनी झाली की ताणते, आणि ताणलेली टेप माप कमी दाखवते. हे शिंप्याच्या घरातल्या मांजरालाही ठाऊक असतं. तिने लोखंडी पट्टी शेजारी ठेवून पाहिली. टेप बरोबर होती. नवी टेप आणली. तीही बरोबर होती, आणि खांदा तेवढाच होता.

मग तिने ट्रंकेतून जुना फ्रॉक काढला. रेघेच्या आतून कापायला लागण्यापूर्वीचा, गेल्या वर्षी धाकटीच्या गुडघ्यावर यायचा तो.

"घालून बघ जरा."

धाकटीने घातला. फ्रॉक नडग्यांपर्यंत आला. गळा एका खांद्यावरून घसरला.

"काय ते बुजगावणं!" आई म्हणाली. "काढ आधी. चांगला नवा असताना जुनं कशाला काढता?"

एवढंच. आईच्या तोंडून त्यापुढे काही निघालं नाही. थोरली बघत राहिली. आपली आई डोळ्याने अधू नाही, रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाच्या कोटाची बाही अर्धा इंच मोठी असेल तर तिला इथून दिसतं. पण शिंप्याच्या घरात माणसाला कपड्यावरूनच बघतात. कपडा नीट बसला तर माणूस नीट आहे. धाकटीचा प्रत्येक नवा फ्रॉक नीट बसत होता, त्यामुळे आईला दिसण्यासारखं काही उरतच नव्हतं.

सोमवारी दवाखान्यातल्या नर्सबाई गणवेशाच्या ट्रायलला आल्या. पडद्यामागून त्यांची बडबड चालू होती. थोरली टाचण्या तोंडात धरून संधी शोधत होती.

"नर्सबाई, माणूस कधी लहान होतो का हो?"

"होतो की. आमचे हे लग्नात पहाडासारखे दिसायचे. आता सोफ्यावर शोधावे लागतात."

"तसं नाही. लहान मूल. मोठं होण्याऐवजी."

पडदा बाजूला झाला. नर्सबाईंनी मशीनखाली बसलेल्या धाकटीकडे पाहिलं. "हिच्याबद्दल म्हणतेस? काय छान फ्रॉक शिवलायस गं. अगदी ओतल्यासारखा. मुलं अशी थांबतात मधेच आणि मग एकदम ताडमाड होतात. तू काळजी करत बसू नकोस, नाहीतर तूच वाळशील. आणि माझी कंबर जरा सैल ठेव, खोटं बोलायला जागा हवी."

नर्सबाई गेल्यावर थोरलीने दाराजवळचे धाकटीचे बूट उचलले. आत हात घातला. टाचेपासून चवड्यापर्यंत दोन्ही बुटांत चिंध्या ठासून भरल्या होत्या. सगळ्या त्याच फ्रॉकांच्या. रेघेच्या आतून कापल्यावर जी पट्टी उरायची, त्या पट्ट्या.

४

ती आई बाजारात जाईपर्यंत थांबली. मग धाकटीला उचलून कापायच्या टेबलावर बसवलं. उचलताना तिला जोर लावावा लागला नाही, आणि जोर लावायच्या तयारीने ओढलेला श्वास छातीत तसाच राहिला.

"पिटुकले, खरं सांग. तू हे कसं करतेस?"

"काय?"

"लहान होणं."

धाकटी बटणांच्या डब्यातून पांढरी बटणं वेगळी काढत होती. "तू सांगतेस तसं."

"मी कधी सांगितलं?"

"शिवून सांगतेस ना." ती अगदी साधेपणाने म्हणाली. "आधी दुखायचं. मग म्हटलं, ताईने एवढं शिवलंय तर आपणच जरा सरकून घ्यावं."

"सरकून?"

"बाकावर कुणी आलं की आपण सरकतो की नाही? तसं. फक्त आतल्या आत."

ओरडावं, की हिला छातीशी घट्ट धरावं, थोरलीला कळेना. तिने धरलं. धाकटीची हनुवटी पूर्वी तिच्या खांद्यावर टेकायची. आता टेबलावर बसूनही ती तिथवर पोचत नव्हती.

"मग आता उलटी सरक. होतीस तेवढी हो. मी मोठा फ्रॉक शिवते, चांगला ऐसपैस."

"तसं येत नाही, ताई."

थोरलीने शिवलाच. चार बोटं जास्त ठेवून, दोन दिवस दुसरं काम हातात न घेता. धाकटीने तो घातला आणि त्यात ती हरवल्यासारखी दिसू लागली. आई खवळली. "डोळे कुठे होते तुझे? तीन वर्षं मशीनवर बसून हे शिकलीस? गिऱ्हाईक तोंडावर फेकेल असला कपडा!" आणि धाकटी, जी वळ उठले तेव्हा रडली नव्हती, ती हमसून हमसून रडायला लागली. "हा माझा नाही. हिने दुसऱ्याच कुणाचं तरी माप घेतलंय."

शेवटी थोरलीनेच तो उसवला आणि लहान केला. बरोबर मापाचा, या खेपेला रेघेवरून. तिने तीनदा पाहून घेतलं.

तीन दिवसांनी तो सैल झाला.

"मी काही केलं नाही हं," थोरली घाबरून म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे.

धाकटीने तिला खाली वाकायला लावलं आणि कानाशी तोंड नेलं. "मला माहितीये. आता मीच करते थोडं थोडं."

"अगं, पण का?"

"तिथल्या खोलीत एकच खाट आहे ना? तू वाचून दाखवलं होतंस."

५

दुसरं पत्र आलं ते शाळेतल्या बाईंच्याच खटपटीने. जागा पुन्हा रिकामी झाली होती. थोरलीने ते वाचून मशीनच्या खणात टाकलं आणि आईपासून लपवून ठेवलं, पण चारच दिवसांत आई समोर येऊन बसली.

"जा या खेपेला."

"आणि ही?"

"अगं, हीच मला म्हणाली. ताईला जाऊ दे, मी रडणार नाही. शहाणी झाली हो पोर." आईचा आवाज जरा हलला. मग तिने तो नेहमीसारखा सावरला. "फक्त उंची तेवढी धरत नाही मेली. बापाच्या वळणावर गेलीय. तेही स्टुलावर चढून माप घ्यायचे."

धाकटी तेव्हा थोरलीच्या मांडीएवढी झाली होती. शाळेत ती हल्ली जातच नव्हती. रोज सकाळी पोट दुखायचं आणि आई दुकानाच्या घाईत 'बरं, पड घटकाभर' म्हणायची. दिवसभर ती दिसायची नाही. मधूनच आतल्या खोलीतून दोरा दाताने तोडल्याचा आवाज यायचा. थोरली डोकावली तर धाकटी भिंतीकडे तोंड करून हातशिलाई करत बसलेली.

"काय चाललंय?"

"तयारी."

"कसली?"

"तुझ्या जाण्याची." आणि तिने हातातलं काहीतरी मुठीत मिटून घेतलं. मूठ पूर्ण मिटली.

थोरलीने विचारायला हवं होतं. मूठ उघडायला लावायला हवी होती. पण तिच्या मनात राजांचे झगे होते, खिडकीलगतची खाट होती. आनंद झाला की माणूस किती गोष्टींकडे कानाडोळा करू शकतो, हे तिला त्या आठवड्यात कळलं, म्हणजे कळत होतं आणि तरी ती करत होती.

निघायचा दिवस उजाडला. बस एकची. आई गाडी थांबवायला कोपऱ्यापर्यंत गेली होती. पत्र्याची पेटी सकाळपासून भरून मधल्या खोलीत ठेवली होती. सकाळी वेण्या घालून झाल्यापासून धाकटी कुठे दिसली नव्हती.

"पिटुकले," थोरलीने हाक मारली. "अगं, निघाले मी."

घर गप्प होतं. घर रिकामं असतं तेव्हा त्यात बारीकसारीक आवाज असतात, नळाचा, पंख्याचा, वाऱ्याने हलणाऱ्या पडद्याचा. आत्ता तेही नव्हते.

पेटीची कडी तिने सकाळी लावली होती. आता ती निघाली होती, आणि झाकणाच्या फटीतून लाल रिबिनीचं टोक बाहेर आलं होतं. सकाळी वेणीला बांधलेल्या रिबिनीचं.

थोरली गुडघ्यांवर बसली. आतून काही ऐकू येत नव्हतं. पण लहान मूल श्वास कोंडून धरतं तेव्हा जी शांतता असते, ती शांतता तिने दर खेपेला माप घेताना ऐकली होती.

अकरा वर्षांची मुलगी पेटीत मावत नाही, तिने स्वतःला सांगितलं. कुणालाही विचारा. नर्सबाईंना विचारा. खांद्याचं हाड आत येत नाही, टेप ताणली असेल, बुटांत चिंध्या मुली घालतातच. इतके महिने ज्या शहाणपणाने तिला साथ दिली नव्हती, तो आता शब्दाशब्दाला हजर झाला. रिबीन आहे, कपड्यांत अडकून आली असेल. धाकटी रुसून कुठेतरी बसली असेल.

रिबीन चुरगळेल म्हणून तिने ती बोटाने हळूच आत सारली. झाकण दाबलं. कडी लावली.

"थांब हं," ती म्हणाली, अगदी हलक्या आवाजात, जणू कुणाला नाहीच. "आलेच मी."

आणि ती बाहेर आली.

"पेटी गं?" आईने विचारलं.

"नको. मागाहून मागवीन. तिकडे लागेल ते मिळतं."

बसमध्ये शेजारची जागा रिकामी होती. थोरली खिडकीला चिकटून, अंग चोरून बसली. शेजारी कुणी बसलेलं असावं तेवढी जागा सोडून.

६

कारखाना पत्रात लिहिला होता तसाच होता. लांबलचक खोली, दहा मशीन, भिंतीला लटकलेले बिनमुंडक्यांचे राजे. तिथला कारागीर म्हातारा आणि तिरसट होता. पहिल्याच दिवशी त्याने तिची शिलाई उलटी करून पाहिली आणि म्हणाला, "हात चांगला आहे. पण कापताना भितेस. सारखी रेघेच्या बाहेर जातेस. कुणाला दुखावणार आहेस का? हा राजा पुठ्ठ्याचा आहे."

सगळे हसले. तीही हसली.

खिडकीलगतची खाट रुंद होती. थोरली तिच्या एका कडेला झोपायची. सकाळी उठली की दुसरी कडा तशीच गुळगुळीत असायची, आणि ती पाहून तिला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून दिवसभर घास उतरायचा नाही. तिने आईला पत्र लिहिलं. धाकटी कशी आहे, एवढं एक वाक्य लिहायला तिने तीन कागद फाडले आणि शेवटी ते वाक्य गाळूनच पत्र टाकलं.

आईचं पत्र आठव्या दिवशी आलं. ते टाकलं गेलं होतं तेव्हा तिचं तिकडे पोचलंही नसावं.

'धाकटी तुझ्या मागोमाग आली, ते मला सांगून यायचं होतं. तू गाडीत बसलीस आणि घरी येऊन बघते तो ही गायब. आधी धसका घेतला. मग तिचे फ्रॉकही दिसेनात, तेव्हा समजलं. तुमचं दोघींचं आधीच ठरलं असणार, म्हणूनच ती एवढी शहाण्यासारखी वागत होती. तुझ्याजवळ आहे म्हणजे मला घोर नाही. तिला म्हणावं, ताईला त्रास देऊ नकोस. तुझी पेटी जागेवर आहे. पाठवू का? उचलून पाहिली, हलकी आहे. काय भरलंस काय तिच्यात?'

थोरलीने पत्राची घडी घातली. हातातल्या झग्याची शिलाई पूर्ण केली, कारण अर्धी सोडून उठता येत नाही असं तिला शिकवलेलं होतं. मग ती उठली आणि कुणाला न सांगता बसस्टँडवर गेली.

७

दुकान उघडं होतं. आई मशीनवर होती.

"अगं! न कळवता? आणि एकटीच? ती कुठाय?"

"आहे." थोरलीने चपला काढल्या. "मजेत आहे. मी पेटी न्यायला आलेय."

"पोरीला त्या परक्या गावात एकटी टाकून आलीस? कुणाच्या भरवशावर?"

"तिथे म्हातारे कारागीर आहेत. त्यांचा जीव जडलाय तिच्यावर."

खोटं इतकं सहज आलं की तिचं तिलाच नवल वाटलं. आई बडबडत पाणी आणायला उठली आणि थोरली मधल्या खोलीत गेली. दार लोटून घेतलं.

पेटी जिथल्या तिथे होती. कडीला कुणी हात लावलेला नव्हता. आठ दिवसांची धूळ झाकणावर सारखी बसली होती. थोरली समोर बसली आणि बराच वेळ तिला कडी काढता येईना. अकरा वर्षांची मुलगी पेटीत मावत नाही. तिने ते पुन्हा म्हणून पाहिलं. या खेपेला ते कुणी ऐकत नव्हतं.

तिने झाकण उघडलं.

वर तिचे स्वतःचे कपडे होते, आणि त्यांत मधोमध एक खळगा पडला होता, कुशीवर कुणी झोपावं तसा. खळग्यात धाकटीचा फ्रॉक. निघायच्या दिवशीचा. बटणं काढून, बाह्या आत दुमडून, नीट घडी करून ठेवलेला. त्याच्यावर लाल रिबीन, तीही गुंडाळून.

फ्रॉकखाली दुसरा फ्रॉक होता. हातभर. तो थोरलीने शिवलेला नव्हता, पण टीप तिच्या टिपेसारखीच होती, दुमड तिच्या दुमडीसारखीच तिरकी. त्याचीही घडी होती. त्याच्याखाली वीतभराचा. त्याच्याखाली चार बोटांचा. प्रत्येक फ्रॉक रेघेच्या आतून कापून लहान करत आणलेला, प्रत्येक वापरलेला, उतरवलेला, आणि ताईने शिकवलं होतं तसा घडी घालून ठेवलेला. एकेक उचलत थोरली खाली खाली गेली. तिला फार हळू जायचं होतं.

सगळ्यात खाली तिचा लोकरीचा स्वेटर होता. त्याच्या बाहीच्या तोंडाशी एक फ्रॉक होता, अंगठ्याच्या पेराएवढा.

त्याची घडी घातलेली नव्हती. पाठीवरचं बटण, खसखशीएवढी गाठ मारून केलेलं, लावलेलं होतं.

थोरलीने तो तळहातावर घेतला. त्याला वजन नव्हतं. फक्त तळहाताला किंचित ऊब लागली, पावसात सापडलेल्या पाखराची लागते तेवढीही नाही. फ्रॉकच्या गळ्यातून तिला काहीतरी काळं दिसलं, आणि त्या काळ्याच्या मधोमध एक पांढरी रेघ, केसाहून बारीक, अगदी सरळ.

तिने डोळे मिटले. तळहात कानाशी नेला.

आधी काहीच नव्हतं. मग, फार लांबून, न रागावता, न रडता:

"सैल झालाय गं, ताई."

"थांब हं," थोरली पुटपुटली. बाहेर आई पाण्याचा तांब्या ठेवत होती. दूर शहरात एक खाट रिकामी होती, एक झगा नुसता गुंड्या लावायचा राहिला होता. आपण परत गेलो नाही तर उद्या तिथे दुसरी कुणी बसेल, हे तिला ठाऊक होतं. आणि गेलो, तर खाटेची दुसरी कडा नेहमी तशीच गुळगुळीत राहील, हेही.

"काय गं," दाराबाहेरून आई म्हणाली, "कुणाशी बोलतेयस?"

"कुणाशी नाही," थोरली म्हणाली. आणि तळहात तसाच धरून, दुसऱ्या हाताने, घरातली सगळ्यात बारीक सुई शोधायला लागली.